टाकीवरचा टिळा

मागच्या हरभऱ्याच्या पेरणीत मी तुळजापूरच्या आईवर रुसलो होतो, हे आधीच कबूल करतो. खंडेनवमीला वडिलांच्या वेळचा जुना ट्रॅक्टर धुतला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला. तेलात कालवलेलं कुंकू उरलं होतं, त्याचा डिझेलच्या टाकीच्या झाकणावर चांगला जाड टिळा लावला आणि म्हणालो, आई, ही टाकी कधी रिकामी होऊ देऊ नकोस. पाचव्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडायला लागला.

माकणीच्या शिवारात सोयाबीन काढून चार एकर रान मोकळं झालं होतं. ओल जेमतेम चार दिवस पुरेल एवढीच, आणि भाड्याचे ट्रॅक्टर सगळे गुंतलेले. माझा ट्रॅक्टर अर्धा तास नीट चालायचा, मग आवाज बसायचा आणि बंद. घटकाभर थांबलं की पुन्हा चालू. गावात कुणाचं इंजिन अडलं की मला बोलावतात, त्यामुळे मिस्त्रीला विचारणं जिवावर आलं. फिल्टर बदलला, नळी फुंकून साफ केली, हातानं पंप मारून आतली हवा काढली. टाकी काठोकाठ भरलेली, तेव्हा तिकडं बघायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाइलाजानं लोहाऱ्याच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, डिझेल पंप काढून आणा, दुरुस्तीला आठ दिवस लागतील. तोवर रानात ढेकळंच उरली असती. एवढी पूजा करून हे फळ, असं पुटपुटत मी पंपाच्या बोल्टला पाना लावला. मला खरोखर वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात बांधावरून मेंढ्या हाकत एक म्हातारी आली. खांद्यावर घोंगडं, हातात चिंधी. "अण्णा, चिंधी भिजंल एवढं डिझेल द्या की. मेंढीच्या खुरात किडं पडल्यात."

मी वैतागून पुढं व्हा म्हणालो. मग माझीच मला लाज वाटली. नवरात्र संपून आठवडाही झाला नव्हता आणि दारी आलेल्या बाईला मी चिंधीभर डिझेल नाही म्हणत होतो. पाना खाली ठेवला आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेली.

म्हातारी चिंधी बुडवता बुडवता म्हणाली, "ह्याचा तर दम कोंडला व्हता की, अण्णा." आणि मेंढ्यांमागं निघून गेली.

झाकण सैलच ठेवून मी ट्रॅक्टर चालू केला. अर्धा तास झाला, तास झाला, तो काही थांबेना. दिवस मावळेपर्यंत दोन एकर पेरून झालं. मग झाकण काढून निरखलं. डिझेल खाली उतरेल तेवढी हवा आत यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. त्या भोकावर माझा टिळा वाळून घट्ट बसला होता. टाचणीनं कोरून काढला.

ती म्हातारी म्हणजे आईच, असं मी म्हणत नाही. दोन दिवसांनी ती मला धरणाच्या बाजूला दिसली, मेंढीचा पायही सुधारला होता. ती त्याच घडीला का आली, ते मला सांगता येणार नाही. पण चारही एकर ओलीवर उगवलं, आणि पहिला ओंजळभर हरभरा मी तुळजापूरला वाहून आलो.

तिथं पायरीवर बसल्यावर माझं मागणं आठवलं. टाकी रिकामी होऊ देऊ नकोस, असं मी म्हणालो होतो. त्या दोन दिवसांत भरल्या टाकीतून डिझेल उतरायला तयार नव्हतं. आई माझं ऐकत नाही म्हणून मी रुसलो होतो, आणि तिनं शब्द न् शब्द ऐकला होता.

यंदाच्या खंडेनवमीला टिळा फक्त बॉनेटला लावला. हात जोडून बराच वेळ उभा राहिलो, आणि काहीच मागितलं नाही.