चौथ्या मजल्यावरचं यान

दोरी दोनदा हलली की खाली भाजीवाल्याने समजायचं, मालवाहू यान आलं. तो टोपलीत मेथी टाकायचा आणि वरून काकूंचा आवाज यायचा, "अरे, मिरच्या विसरलास. आम्ही अंतराळात खायचं काय?"

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. गुडघे गेल्यापासून चौथ्या मजल्यावरच्या काकू खाली उतरल्याच नव्हत्या. मुलांच्या एका मासिकासाठी त्या एका अंतराळवीराचे अनुभव मराठीत आणत होत्या. बारीक अक्षर त्यांना दिसत नसे, म्हणून संध्याकाळी मी इंग्रजी पुस्तक वाचायची, त्या मराठीत सांगायच्या, मी लिहून घ्यायची.

मी फार बोलत नाही, हे त्यांना चालायचं. पण मी मधेच एखादं वाक्य मराठीत करून पाहिलं, तर ते चालायचं नाही. "'आंघोळ घेतली' काय गं? आंघोळ करतात. आणि हा तर तीही करत नाही, नुसतं अंग पुसतो. माझ्यासारखाच."

यानाच्या इवल्या खिडकीबद्दल ऐकताना त्या स्वतःच्या खिडकीशी बसत. तुम्ही खालून पाहिलं असतं, तर जाळीतून बाहेर आलेली बोटं तेवढी दिसली असती. "पुढे वाच," म्हणायच्या. पण परतीचं प्रकरण आलं की, "उतरायचं आज नको."

मग बिल्डिंग पाडायचं ठरलं. एकेक घर रिकामं झालं. काकूंच्या भाच्याने टिटवाळ्याला तळमजल्यावर जागा पाहिली. "मावशी, तू खुर्चीत बस. आम्ही चौघं उचलून नेतो."

"चौघांनी उचलायचं ते एकदाच असतं," काकू म्हणाल्या. "तेव्हा ये."

पाणी तोडणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी न विचारता ते प्रकरण वाचायला घेतलं. यान माळरानावर उतरतं. अंतराळवीराला त्याचेच पाय पेलत नाहीत. माणसं त्याला उचलून बाहेर काढतात, खुर्चीत बसवतात. तो हात हलवतो.

काकूंनी जाळीतून बोटं आत घेतली.

"किती जणांनी उचललं?"

"ते दिलेलं नाही."

"चौघांनी, असं लिही. आणि कोणी रडलं नाही."

"पण काकू, पुस्तकात..."

"लिही गं."

दुसऱ्या दिवशी खुर्ची जिना उतरली. "हळू रे, विसर्जनाला नेताय का?" प्रत्येक वळणावर त्या डोळे घट्ट मिटत होत्या. खाली भाजीवाल्याने फाटक धरलं होतं. "काय काकू, लँडिंग ओके?"

त्यांनी चप्पल काढून पाऊल जमिनीवर टेकवलं. "जड आहे रे सगळं," म्हणाल्या, आणि हात हलवला.

बिल्डिंग अजून उभी आहे. दोरी जाळीला तशीच बांधलेली आहे. वाऱ्याने हलली, की भाजीवाला मान वर करतो.