कटिंगच्या टेबलावरचा नरक

किस्से चिंध्यांसारखे असतात. रोज झाडून काढले तरी टेबलाखाली साठतातच. मी म्हैसूरमधल्या एका ब्लाऊजच्या दुकानात दुपारी हूक लावायला आणि काजं करायला जाते, तेव्हा दोन्हींचा मला भरपूर अनुभव आहे. नवऱ्याची नोकरी इथून जवळच्या बेळगोळच्या कारखान्यात, म्हणून आम्ही नाशिकहून इथे आलो. घरी एकटीने बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून मी सुलोचनाअक्कांच्या दुकानात आले. तिथे डोकं फिरायला सोबत मिळाली, एवढाच फरक.

अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, विठ्ठलभक्तांचं आणि शिलाईचं. घरात मराठीच, पण वाक्य कुठे कानडीत वळेल ते त्यांनाही सांगता येत नाही. दुपारी चारला दुकानात टीव्हीवर पिशाचांची मालिका लागते. अक्का मार्किंगचा खडू घेतात आणि कटिंगच्या टेबलावर एक रेघ मारतात. डावीकडे नरक, उजवीकडे सुटका. मालिकेतल्या एकेकाचा निकाल तिथे लागतो.

नरकाच्या यादीत सगळ्यात वरचं नाव मात्र मालिकेतलं नाही. ते नाव नारायण. अक्कांचा धाकटा सख्खा भाऊ. सहा वर्षांपूर्वी तो गिऱ्हाइकांची मापवही उचलून घेऊन गेला आणि दोन गल्ल्या पलीकडे त्याने स्वतःचं दुकान थाटलं. खडू रोज पुसला जातो, अक्का रोज नव्याने लिहितात.

*

मालिकेचा पहिला नियम असा, की पिशाच चावलं की माणसाचा आत्मा निघून जातो. मग त्याने कुणाचाही गळा घोटला तरी पाप लागत नाही, कारण आत्माच जागेवर नाही. मला ही सोय फार आवडली.

मशीनवर बसणाऱ्या दीपालाही आवडली. दीपा म्हणजे त्याच नारायणची मुलगी. "मापवही अप्पांनी नेली, मी नाही," असं म्हणून ती आत्याच्याच दुकानात राहिली. एकदा तिने डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे जोडून ठेवली. अक्कांनी तो ब्लाऊज तिच्या नाकासमोर धरला.

"आत्या, तेव्हा माझा आत्मा नव्हता."

"हौदा? असं काय? मग आत्मा आला की उसव," अक्का म्हणाल्या. "चारच्या आत बोलव त्याला. मालिका सुरू झाली की मी दिवा लावू देणार नाही."

*

रुद्रसेन नावाच्या पिशाचाने एक अख्खं गाव खाल्लं होतं. पण तो दिसायला देखणा. एका भागात त्याने नायिकेकडे बघून एक अश्रू ढाळला, आकाशातून उजेड आला आणि तो सुटला. दीपाने लगेच खडू घेऊन त्याचं नाव उजवीकडे लिहिलं.

अक्कांनी पुसलं. "गाव खाल्लं त्यांना विचारलं काय कोणी?"

मालिकेने तरी विचारलं नसावं, कारण पुढच्या भागात त्या गावाचं नावच निघालं नाही.

*

त्याच मालिकेत मेघना नावाची एक साधी मुलगी होती. भावाला वाचवायला ती एकदाच खोटं बोलली आणि सात जन्म नरकात गेली. गाव खाणारा सुटतो आणि एका वाक्यासाठी ही पोर जळते, हे बघून मी खरंच चिडले. म्हटलं, "अक्का, हिला तरी उजवीकडे टाका."

"खोटं ते खोटं, बाई. भावासाठी बोलली म्हणून काय झालं?"

आणि अक्का स्वतः तशाच. शिंप्याच्या दुकानात 'उद्या नक्की' हे वाक्य जगभर चालतं, इथे चालत नाही. एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "अक्का, माझा ब्लाऊज झाला का?" अक्का म्हणाल्या, "हातच लावला नाही. दुपारी झोपले होते." त्या बाई इतक्या गांगरल्या की रागवायचंच विसरून गेल्या.

*

एकादशीच्या भजनाला बहीणभाऊ दोघंही विठ्ठलाच्या देवळात येतात आणि दोन टोकांना बसतात. नारायणच्या सुरात सूर मिसळायचा नाही, म्हणून अक्का प्रत्येक ओळ सगळ्यांच्या मागून म्हणतात. बुवांनी एकदा हात जोडून विचारलं, "अक्का, हे काय चाललंय?"

"विठ्ठलाला दोनदा ऐकू दे की."

गेल्या वर्षीच्या आजारानंतर नारायणचा हात थरथरतो, तेव्हापासून त्याने टाळ सोडले आहेत. कात्रीही सोडली, असं दीपा मला हळूच म्हणाली. अक्कांच्या कानावर ते गेलं असणार. त्या दिवशी त्यांनी तीन वेळा सुई ओवायला घेतली आणि तीनही वेळा दोरा चुकला.

*

मग मालिकेत रुद्रसेनचा मुलगा निघाला. पिशाचाच्या रक्ताचा, म्हणून जन्मतःच नरकात. दीपाचं मशीन थांबलं.

"आत्या, मग मी कुठल्या बाजूला?"

"तू सुम्ने शीव, गपचूप."

पण दीपा गप्प बसेना. तिचं लग्न महिन्यावर आलं होतं. त्यांच्या घरात नवरीचा ब्लाऊज थोरल्या आत्याने कापायचा असतो. तो कापल्याशिवाय मुलगी मांडवात गेलेली नाही. रेशमी कापड कपाटात घडी घालून पडलं होतं आणि अक्कांची अट एकच होती. नारायणने स्वतः मापवही घेऊन पायरीवर यावं. तो येत नव्हता. दीपा मराठीत शब्द शोधत राहिली, सापडले नाहीत, मग कानडीत भडाभडा बोलली आणि रडली. अक्का टीव्हीकडे बघत होत्या. टीव्हीवर जाहिरात चालू होती.

*

लग्नाला आठ दिवस राहिले असताना, ऐन चारला, नारायण आला. हातात पत्रिका, काखेत मापवही. पायरीवर उभा राहिला. टेबलावरचं स्वतःचं नाव त्याने वाचलं. उलट्या बाजूनेही ते नीट दिसत होतं.

"अक्का, त्या रुद्रसेनसारखं मी रडायचं काय?"

"नको. कापडावर डाग पडतात."

त्याने वही टेबलावर ठेवली. अक्कांनी ती उघडली नाही. त्यांनी टीव्ही बंद केला. चारला टीव्ही बंद झालेला मी पहिल्यांदाच बघत होते. कपाटातून रेशीम काढलं, मग ओलं फडकं घेतलं आणि टेबल पुसलं. डावी बाजू, उजवी बाजू, मधली रेघ, सगळं. मग कोरड्या फडक्याने पुन्हा पुसलं.

"रेशमाखाली खडू चालत नाही," असं त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या.

दीपाचं माप घेतलं, कापड पसरलं आणि खडू नारायणपुढे धरला. "मी कापते. रेघ तू मार."

तो नको म्हणाला. अक्कांनी हात मागे घेतला नाही. शेवटी त्याने खडू धरला. हात थरथरत होता. गळ्यापासून खांद्यापर्यंतची रेघ अशी वाकडीतिकडी गेली, की मी हातातलं काम सोडून बघत राहिले. अर्ध्या सुताच्या चुकीला ब्लाऊज उसवायला लावणारी ही बाई आता काय बोलेल, या भीतीने दीपाने डोळे मिटून घेतले होते.

नारायणने खडू खाली ठेवला. "वाकडी झाली, अक्का."

अक्कांनी चष्मा लावला. रेघेवर वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"सरळ हाय," त्या म्हणाल्या आणि कात्री उचलली.