एका पेशंटबरोबर एकच

"बाई, तुम्ही बाहेर थांबा. सोबत कोणी कळणारं माणूस आहे का?"

डॉक्टरांनी मान वर करून बघितलं पण नाय. फायलीत बघत बोलले. गंगापूर रोडचा तो दवाखाना, एसी एवढा की पोरीचे पाय गार पडलेले. मी खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते. तोंड उघडून एवढंच म्हटलं होतं, "सायेब, गेल्या महिन्यात हिला..."

माझे थोरले दीर मागे उभे होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कांद्याच्या व्यापाऱ्यांत ऊठबस. ते लगेच पुढे सरकले. दारावरची मुलगी म्हणाली, "एका पेशंटबरोबर एकच. चला बाई, लवकर." आणि माझ्या मांडीवरची पोर उचलून दादांच्या हातात दिली.

सहा वर्षांत त्या माणसानं तिला एकदाही घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, मान धरा, मागं पडते." दार लागलं. काचेला पांढरा कागद चिकटवलेला, आतलं काही दिसेना. मी रिकामे हात घेऊन उभी. लुगड्याला तिची लाळ लागलेली, तेवढीच ओल.

माझी पोर कार्तिकी. जन्मली तेव्हा रडली नाय, तेव्हापासूनचं हे सगळं. बसत नाय, चालत नाय, नजर ठरत नाय, आणि फिटा येतात. मेंदूचा डॉक्टर गंगापूर रोडला. डोळ्याचा दुसरीकडे, हाडाचा तिसरीकडे, व्यायाम करून घेणारी ताई फक्त बुधवारी. आमचं गाव सटाण्याजवळ. प्रत्येकाचा वार वेगळा, म्हणून प्रत्येक वारी पोर खांद्यावर टाकून एसटी धरायची. हाडाचा म्हणतो, मेंदूच्याला विचारा. मेंदूचा म्हणतो, डोळ्याच्याचा कागद आणा. ते एकमेकांशी बोलत नाय. त्यांच्यातली निरोपी मी. कुठल्या गोळीनं लाळ जास्त गळते, कुठला बूट घोटा सोलतो, कितव्या घासाला ठसका लागतो, हे सगळ्या जगात एका बाईला ठाऊक. अन् तिलाच बाहेर काढलं.

मी नववीपर्यंत शिकले. खळ्यावर कांदा निवडायला जाते. डॉक्टरांना माझ्या हाताला कांद्याचा वास आला असेल. येऊ दे ना! त्या वासाच्या हातानंच पोर सहा वर्षं जगली.

दहा मिनिटांनी दादा बाहेर आले. पोरीची मान एका बाजूला लोंबत होती. मी आधी तिला घेतलं, मग विचारलं, "काय म्हणले?"

"बरी हाय म्हणले. संध्याकाळची गोळी कमी करून बंद करायची. आधी अर्धी, मग पाव. तिनं झोप येते म्हणले."

"गेल्या महिन्यात चार वेळा झालं, ते सांगितलं ना?"

"सगळं सांगितलं. डॉक्टर शिकलेले हायेत. तू नको शिकवू त्यांना."

माझ्या मनात आलं, पुन्हा आत जावं. दार ढकलावं. विचारावं, चार फिटा असून गोळी बंद कशी? पण आमच्यात थोरल्या दिरापुढे बाई दोन शब्द बोलली तरी जीभ वाढली म्हणतात. दारावरची मुलगी पुढचं नाव पुकारत होती. मी पिशवी उचलली अन् निघाले. हे मी स्वतःला कधी माफ करणार नाय.

गोळी मी माझ्या हातानं कापली. ब्लेडनं. पहिले पंधरा दिवस अर्धी, मग पाव. पाव गोळीचा भुगा व्हायचा, तो मधात कालवून चाटवायचे. दादांनी सांगितल्यापरमाणं, एक दिवस न चुकता. मग बंद. बंद झाल्यावर पाचव्या दिवशी दुपारी, खळ्यावर, कांद्याच्या ढिगाच्या सावलीत निजवलेली पोर ताठ झाली. तिच्या फिटा मी शेकड्यानं बघितल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं, मग सैल पडते. ही थांबेचना. ओठ काळे पडले. बाया गोळा झाल्या, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी देवीचं नाव घेतलं. मी नुसती ओरडत होते, गाडी आणा, गाडी आणा! माझा नवरा पिकअपवर ड्रायव्हर, तो तेव्हा माल घेऊन गुजरातेत. गाडी आली, पण सटाण्यात म्हणले मालेगावला न्या, मालेगावला म्हणले नाशिकला न्या. पोर रस्ताभर उडत होती अन् मी तिच्या तोंडाचा फेस पदरानं पुसत होते. दुसरं काय येत होतं मला?

नऊ दिवस आयसीयू. पोर वाचली. पण घरून निघालेली पोर परत आली नाय. आधी वरण-भात मऊ करून दिला की गिळायची. भूक लागली की "मम" म्हणायची. सहा वर्षांत एक शब्द आला होता, तेवढाच. आता नाकातून नळी. नळीतून सिरिंजनं दूध सोडायचं. "मम" गेलं. मी आयसीयूतल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, येईल का परत? त्या म्हणाल्या, "बघू या." चांगल्या होत्या त्या. खोटं बोलल्या नाय.

महिन्यानं गंगापूर रोडच्या त्याच दवाखान्यात तपासणीला गेलो. दादा पुन्हा सोबत. दारावरच्या मुलीनं पुन्हा तेच म्हटलं, एका पेशंटबरोबर एकच. पण नळी होती. नळीवाली पोर दादा धरीनात. म्हणून दोघांना आत सोडलं.

आत एक बाक हाय. पुढचे दोन-तीन पेशंट आधीच आणून त्यावर बसवून ठेवतात, वेळ वाचावा म्हणून. एकाचं दुखणं बाकीचे ऐकत बसतात. डॉक्टरांनी कागद बघितले आणि भडकले. माझ्यावर.

"तीन महिन्यांत एकही फिट नाही म्हणून सांगितलंत, म्हणून मी गोळी काढली. आणि आता हे? बाकीची औषधं देत नव्हतात ना? तुम्ही लोक ना, कंटाळा आला की औषध बंद करता आणि मग आमच्याकडे आणून टाकता. या अडाणी बायांच्या हातात पोरं म्हणजे देवाच्याच भरवशावर."

बाकावर एक बाई होती, तिनं माझ्याकडे बघून च्च् च्च् केलं. अन् मी? मला पहिलंच वाक्य कानात अडकलं होतं. एकही फिट नाही म्हणून सांगितलंत. मी दादांकडे बघितलं. दादा मोबाईल बघत होते.

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. मागच्या वेळी याच बाकावर एक म्हातारा नातवाला घेऊन बसला होता. आत नेण्याआधी बाहेर त्यानं दादांना रामराम केला होता. दादांच्या पोरीची सोयरीक ज्या गावात चाललीय, त्या गावचा. आमच्या घरात फिट हा शब्द तोंडातून काढायचा नाय. "तिला तसं झालं" म्हणायचं. घराण्यात फिटा हायेत असं कळलं की पोरी घरात राहतात. सासूबाई मला एकदाच बोलल्या होत्या, आपल्या अहिराणीत, "आपला घरमा असं काही नही." त्या म्हाताऱ्याच्या देखत दादांनी तेच डॉक्टरांना सांगितलं. माझ्या पोरीचं गिळणं देऊन त्यांनी स्वतःच्या पोरीचं लग्न राखलं.

खरं सांगते, बहाद्दुरी नव्हती ती. रडत रडतच बोलले. पण बोलले, बाकाला ऐकू जाईल असं.

"फिटा बंद नव्हत्या. कधीच नव्हत्या."

दादा म्हणाले, "चल, बाहेर चल."

"नाय येत."

पिशवीतून कॅलेंडरची पानं काढली. आमच्याकडे दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडतात. फिट लिहायची सोय नव्हती, घरात कोणी वाचलं तर? म्हणून मी त्या तारखेवर टिकली चिकटवायचे. लहान फिटीला लहान, मोठीला मोठी. घरच्यांना वाटायचं, बाईला नाद. आठ महिन्यांची पानं मी त्यांच्या काचेच्या टेबलावर पसरली.

"ह्या टिकल्या म्हणजे फिटा. मागच्या वेळी मी हेच सांगायला तोंड उघडलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही मला बाहेर काढलं, सायेब."

डॉक्टर पुढे वाकले. बोटानं टिकल्या मोजू लागले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील माझ्याशी. त्यांनी मान वर केली, आणि दादांना विचारलं, "बरोबर आहे का हो हे?"

दादा भिंतीकडे बघत म्हणाले, "असतील."

दादा असतील म्हणाले तेव्हा माझं खरं ठरलं. गोळी पुन्हा सुरू झाली. चुकलो असं कोणी म्हटलं नाय. ना डॉक्टरांनी, ना दादांनी.

एसटीत दादा पुढच्या सीटवर बसले. घरी गेल्यावर जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं, पोरीच्या जन्माचं वाटोळं केलंस म्हणाल्या. कुठल्या पोरीच्या, ते विचारायची गरज नव्हती. आता सोयरीक व्हायची नाय असं धरून पुतणी माझ्याशी बोलत नाय. तिचं दुःख मला कळतं, तिनं काय केलं होतं? नवरा फोनवर म्हणाला, "आता पुढच्या वेळेपासून दादाच नेईल. तू घरी थांब. वाद नको."

सोमवारी तारीख हाय. नळी बदलायचीय, गोळीचा डोस बघायचाय. तिचं गिळणं येईल की नाय, मला माहीत नाय. डॉक्टरांनाही नाय. त्यातलं माझ्या हातात काही नाय, रात्रंदिवस तेच खातं मला.

पण सोमवारी पहिल्या गाडीनं मी जाणार. एकटी. घरात परत घेतलं तर येईन, नाय घेतलं तर खळ्यावर बाया हायेत, बघू. फिटीला फिट म्हणेन, बाकावर कोणीही बसलेलं असो. अन् त्या खुर्चीत बसून सगळं सांगून होईस्तोवर उठणार नाय. बाहेर थांबा म्हणाले, तर मला उचलून बाहेर टाकावं लागेल. पोरीसकट.