कर्फ्यूची वीस मिनिटं

माझ्या ताईच्या नवऱ्याने सैन्यात बावीस वर्षं काय केलं, ते मला माहीत नाही. ताईलाही माहीत नाही. त्यांच्या आईला वाटायचं की ते रेडिओ दुरुस्त करतात, आणि ती बिचारी त्याच समजुतीत गेली. आम्हाला कळलं ते एवढंच, की बिनखिडकीच्या एका खोलीत काही कॉम्प्युटर होते, त्यांत घुसायचा प्रयत्न दुसरीकडे बसून कोणीतरी करत असे, आणि आमचे भावोजी त्याला घुसू देत नसत. हेही त्यांनी सांगितलेलं नाही. मी आपलं इकडचं तिकडचं जुळवलंय.

घरी आले की ताई विचारायची, "आज काय केलंत?"

"काम."

"कसं झालं?"

"झालं."

एवढ्यावर माझ्या ताईने संसार केला. मी तिच्या जागी असतो, तर तिसऱ्या महिन्यात माहेरी निघून आलो असतो.

माझी भाची सहावीत असताना तिला शाळेत वडिलांवर निबंध लिहायला सांगितला. तिने लिहिलं, "माझे वडील काम करतात. त्याहून जास्त माहिती नसल्यामुळे मी मामाबद्दल लिहिते. माझा मामा कॉम्प्युटरच्या मदत-पुस्तिका लिहितो. त्या कोणी वाचत नाही." पुढचं पानभर माझी अशीच अब्रू काढली होती. भावोजींनी तो निबंध दोनदा वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं आहे." त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे ताईने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

मग ते निवृत्त झाले आणि नोकरी शोधायला लागले. अर्ज मी लिहायचा होता, कारण घरात लिहिणारा मी. मी विचारलं, अनुभव काय लिहू? ते म्हणाले, "बावीस वर्षं." कसला? "ते लिहू नकोस." अर्ज चार ओळींचा झाला, त्यातल्या दोन पत्त्याच्या. सैन्याकडून मिळालेल्या शिफारसपत्रात एकच वाक्य होतं, 'सदर इसमाने नेमून दिलेले काम केले.' एवढ्या कौतुकावर माणसाला फार तर दारावर उभं करतील, असं माझं मत झालं.

माझ्याच कंपनीत मी शब्द टाकला. आमची कंपनी दातांच्या डॉक्टरांसाठी एक प्रोग्रॅम बनवते. कोणाची दाढ कधी काढायची, कोणाच्या तारा कधी आवळायच्या, ते सगळं त्यात असतं. ही माहिती कोणी चोरू नये म्हणून एक माणूस हवा होता. मुलाखतीला विभागाच्या मॅडम होत्या, आणि कोपऱ्यात मी, शिफारस केल्याची शिक्षा म्हणून.

"आधीच्या कामात काय करत होतात?"

"नेटवर्कचं रक्षण."

"कुठल्या?"

"एका."

"कोणापासून?"

"इतरांपासून."

मी कपाळाला हात लावला. पण मॅडमनी त्या आठवड्यात सात उमेदवार ऐकले होते, आणि प्रत्येकाने एकट्याने जग वाचवलं होतं. आठवा माणूस गप्प बसला, याचंच त्यांना बरं वाटलं असावं. जाताना भावोजींनी पाहुण्यांचा बिल्ला स्वागतकक्षात परत केला आणि परत मिळाल्याची सही मागितली. असली सही त्या जागेवर आजवर कोणी मागितली नव्हती. त्यांना घेतलं. सहा महिने परीक्षेचे, मग पक्कं करायचं की नाही ते ठरणार.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसने त्यांचं नाव 'कर्फ्यू' ठेवलं. कोणी कॉम्प्युटर उघडा टाकून कॉफीला गेलं, की परत आल्यावर पडद्यावर पांढरं कार्ड चिकटवलेलं दिसायचं. 'आपण ठार झाला आहात. वेळ १४२०.' विक्री विभागातला एक गडी आठवड्यात सहा वेळा ठार झाला. भावोजी सूचना पाठवायचे त्या क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत, आणि शेवटी 'पालन अहवाल ११०० पर्यंत', म्हणजे अकरा वाजेपर्यंत, असं असायचं. आमच्याकडे लोक 'जमलं तर बघ ना' एवढंच लिहितात, वर हसरा चेहरा टाकतात. भावोजी ते हसरे चेहरे बराच वेळ निरखत बसायचे. यातला हुकूम कुठला आणि चेष्टा कुठली, ते त्यांना कळत नसे.

रोज सकाळी आम्ही गोल उभे राहतो आणि काल काय केलं ते एकेकाने सांगतो. लोक एका बटणाचा रंग बदलल्याचं पाच मिनिटं सांगतात. भावोजींची पाळी आली की ते म्हणत, "काम सुरू आहे. अडचण नाही." गोलात कोणाला तरी हसू फुटायचंच. मला राग यायचा, हसणाऱ्यांचा आणि त्यांचाही.

पाचव्या महिन्यात मॅडमनी त्यांना बोलावलं. दार उघडं होतं आणि मला कान आहेत.

"तुमच्या काळात एकही चोरी झालेली नाही," मॅडम म्हणाल्या. "कोणी प्रयत्नच केला नाही, असं नसणार हे मला कळतं. पण वरचे विचारतात, हा माणूस करतो काय? मी काय सांगू? महिनाअखेरीला सगळ्यांसमोर उभे राहा आणि वीस मिनिटं सांगा. घडलेलं काहीही एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते जमलं नाही तर तुमच्या कागदावर मला सही करता येणार नाही."

भावोजी त्या संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वीस मिनिटं म्हणजे फार होतात रे."

सराव ताईच्या स्वयंपाकघरात झाला. मी, ताई आणि आता चौदा वर्षांची झालेली भाची श्रोते. भावोजी फ्रिजजवळ ताठ उभे राहिले.

"दिनांक बारा रोजी घटना घडली. घटना हाताळली. प्रश्न?"

अकरा सेकंद झाले होते. मी म्हणालो, "भावोजी, कोण घुसलं, कसं घुसलं, तुम्हाला काय वाटलं, ते सांगा."

"मला काय वाटलं, त्याचा काय संबंध?"

भाची आपलं ताट उचलून तिच्या खोलीत गेली. ते दाराकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पुन्हा घेऊ." आम्ही नऊ दिवस पुन्हा घेतलं. अकरा सेकंदांचे चौदा झाले.

आता मधे एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या हाताखाली एक चष्मेवाली होती, कंपनीत अकरा वर्षं मुरलेली. भावोजींनी तिला महिन्यापूर्वी सांगून ठेवलं होतं, "सगळ्यांना एक खोटी ईमेल पाठवा, पासवर्ड मागणारी. कोण फसतं ते बघू. दिवस आणि मजकूर तुम्ही ठरवा. मला सांगू नका. मलाही वगळू नका." अशी परीक्षा बऱ्याच ठिकाणी घेतात. चष्मेवालीने दिवस निवडला तो नेमका भावोजींच्या वीस मिनिटांचा, कारण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असणार.

सकाळी दहाच्या सुमारास भावोजी माझ्या टेबलाशी आले. चेहरा खुलला होता. इतके खूश मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"ईमेल बघितलीस? अखेर या इमारतीत कोणालातरी नीट लिहिता येतं."

मी बघितली. विषय होता 'अग्निशामक उपकरणांची वार्षिक पडताळणी'. खाली परिच्छेद एक, दोन, तीन. तिसऱ्यात लिहिलं होतं, 'सोबतच्या दुव्यावर नाव व पासवर्ड भरावा. पालन अहवाल ११०० पर्यंत.' तोवर मी ती वाचली नव्हती. क्रमांक घातलेलं मी काहीच वाचत नाही, आणि तेवढ्याने मी वाचलो.

"तुम्ही भरलंत?" मी विचारलं.

"लगेच," ते म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "आपल्याकडे अग्निशामक विभाग आहे ना?"

"नाही."

तोंडावरचा रंग उतरणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. पुढच्या चार मिनिटांत त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरची वायर उपटली, पासवर्ड रद्द करवला, मॅडमना लेखी कळवलं की चूक माझी आहे, आणि खिशातून एक पांढरं कार्ड काढून आपल्याच पडद्यावर चिकटवलं. 'आपण ठार झाला आहात. वेळ १००७.' मी म्हणालो, अहो, ही तुमच्याच परीक्षेतली असेल. ते म्हणाले, "असेल. कार्ड काढायचं नाही."

अकरा वाजता सगळे जमले. विक्रीवाला पुढच्याच रांगेत बसला होता, मजा बघायला. मी मागे जीव मुठीत धरून उभा होतो. भावोजींच्या मागच्या पडद्यावर आम्ही घोकलेली दिनांक बाराची घटना होती. त्यांनी पडदा बंद केला.

"आज सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मी फसलो," ते म्हणाले.

मी मनात सेकंद मोजायला लागलो. अकरा झाले. चौदा झाले.

"मला ती ईमेल आवडली," ते म्हणाले. कोणीतरी हसलं. "हसा. मी ती तीनदा वाचली. इथे पाच महिन्यांत मला कोणी नीट हुकूम दिलेला नाही. जमलं तर बघा, असं म्हणतात. मला जमतं की नाही, ते त्यांनाच माहीत नसतं तर मला कसं कळणार? बावीस वर्षं असे कागद आले आणि मी वाचले. आज एक आला. मला वाटलं, माझ्या ओळखीचं कोणीतरी या इमारतीत आहे. त्या आनंदात मी पासवर्ड देऊन टाकला. चोर असाच येतो. तो कुलूप फोडत नाही, आपण कशासाठी आसुसलोय ते बघतो."

मग ते थांबेचनात. वायर कशी उपटली, कार्ड चिकटवताना टेप कशी तुटेना, सगळं आलं. मागच्या रांगेतून चष्मेवाली अपराधी चेहऱ्याने म्हणाली, "मजकूर मी तुमच्याच सूचनांतून उचलला होता, सर." यावर मॅडमसुद्धा हसल्या. मग त्यांनी विचारलं, "एकूण किती जण फसले?"

"एकोणीस," चष्मेवाली म्हणाली. "आणि कळवलं एकाने."

विक्रीवाला आपल्या बुटांकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने हात वर केला. मग आणखी एक हात वर आला, मग आणखी दोन. भावोजी प्रत्येकाकडे बघून मान हलवत होते. त्यांची वीस मिनिटं संपून सात मिनिटं वर झाली होती. मॅडमनी कागदावर तिथल्या तिथे सही केली.

त्या संध्याकाळी मी ताईकडेच जेवायला थांबलो. ताईने सवयीने विचारलं, "आज काय केलंत?" आणि उत्तराची वाट न बघता वाढायला लागली.

"आज मला फसवलं," भावोजी म्हणाले.

भाचीचा हात थांबला. "तुम्हाला? कोणी?"

त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून सांगतो, दर वाक्यात ते थोडं वाढवत होते. टेप एकदाच अडकली होती, ती तीनदा अडकली. विक्रीवाला रडकुंडीला आला, असंही त्यांनी ठोकून दिलं. ज्या माणसाने बावीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही, तो माझ्यासमोर बिनदिक्कत थापा मारत होता. मी प्रत्येक थापेला मान डोलावली. भाची सारखी विचारत होती, "मग?" ताई उठली, मोरीकडे तोंड करून नळ सोडला आणि तिथेच उभी राहिली. धुवायला तिच्यापुढे एकही भांडं नव्हतं.

गोष्ट संपली तेव्हा भाची म्हणाली, "आणि सैन्यात? तिथे काय व्हायचं?"

भावोजींनी पाण्याचा पेला पुढ्यात ओढला. मला वाटलं, झालं, आता ही ताट उचलणार.

"ते नाही गं सांगता येत," ते म्हणाले.

तिने थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या जे होईल ते उद्या सांगा."

ते पाणी प्यायले आणि "हो" म्हणाले.