काकांनी गुपित म्हटलेला नकाशा

“तिथे आपला माणूस आहे” असं कोणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, तरी कोणीतरी म्हणतंच, आणि मग माझं ऐकून घेतं.

मरोळला आमची बैठी चाळ होती. अर्धी बिऱ्हाडं कोकणातली, अर्धी घाटावरची. बाबांची गिरणी संपात गेली, आणि जे काही हाती आलं ते त्यांनी खोलीच्या पक्क्या भिंतींत घालायचं ठरवलं. मी तेव्हा अंधेरीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. दारात विटा येऊन पडल्या, त्याच सुमारास दोन माणसं टेप घेऊन आली, चाळीच्या कोपऱ्यावर तांबड्या रंगाची खूण केली आणि काही न बोलता निघून गेली. रस्ता रुंद होणार, चाळ जाणार, अशी कुजबुज सुरू झाली.

आता कोणीही शहाणा माणूस ऑफिसात जाऊन विचारेल ना? आम्ही नाही गेलो. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. हॉस्पिटलात खाट पाहिजे, रेशनकार्डावर नाव चढवायचंय, पोराला शाळेत घालायचंय, तर आधी तिथला गाववाला शोधायचा. तो शिपाई असला तरी चालेल. आणि रस्त्यांचे नकाशे जिथे होतात त्या ऑफिसात तर आमचे काकाच कारकून होते. सख्खे नव्हेत, बाबांच्या वाडीतले, पण लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणत आले. त्यांची खोलीही आमच्याच चाळीत होती. गावच्या मंडळाचे ते सेक्रेटरी. सभेत चहाच्या खर्चापर्यंत सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे, कोणी उठून काही विचारलं तर न चिडता उत्तर द्यायचे. म्हणून त्यांच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे.

बाबांनी त्यांना घरी बोलावून सरळ विचारलं, खोली रस्त्यात जाते का, भिंती बांधू की नको. मी तिथेच भाकऱ्या थापत होते.

“नकाशो अजून गुपित आसा,” काका म्हणाले. “तोंड उघडलंय तर नोकरी जातली माझी. पण तू बांध. मी आसंय मां.”

मला राहवलं नाही. शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी मी मुलींना सरकारी गुपितांचा हाच विषय दिला होता आणि त्यासाठी वाचनालयात बसून बरंच वाचलं होतं. म्हटलं, काका, स्वीडनमध्ये दोनशे वर्षांपासून कोणीही माणूस सरकारी कागद मागू शकतो. अमेरिकेत तसा कायदा होऊन बरीच वर्षं झाली. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा यांनी तर आत्ताआत्ता केला. आपल्याकडेच इंग्रज जो गुपितांचा कायदा ठेवून गेले तो आपण उराशी धरून बसलोय, आणि गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडातही अजून माहितीचा कायदा नाही. आपलं सुप्रीम कोर्ट म्हणतंय की लोकांना जाणून घ्यायचा हक्क आहे, पण मागायचा कुठे, ते कोण सांगणार?

“मगे जा थय स्वीडनात शाळा शिकवूक,” काका म्हणाले, आणि बाबा खो खो हसले. मीही हसले. काकांचा राग आला नाही मला, कायद्याचा आला. बिचारे नोकरीत बांधलेले आहेत, असंच वाटलं. पुढे वर्गात शिकवतानाही मी त्यांचं उदाहरण द्यायचे, की बघा, चांगल्या माणसालासुद्धा हा कायदा कसा मुका करतो.

बाबांनी भिंती बांधल्या. शेजारी विचारायला आले तर छातीठोकपणे सांगितलं, आपला माणूस आहे तिथे, काळजी नको. त्यांच्या भरवशावर दोन-तीन बिऱ्हाडांनी पत्रे काढून स्लॅब घातला. त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांनी त्यांची खोली एका नव्या जोडप्याला विकली आणि बोरिवलीला फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढवायला बाबाच पुढे होते.

मग सगळ्यांच्या दारांवर नोटिसा लागल्या. खोल्या रिकाम्या करा.

मी शाळेतून अर्धी रजा टाकून काकांच्या ऑफिसात गेले. काका जागेवर नव्हते. दुसऱ्या एका कारकुनाला मी तावातावाने म्हटलं, लोकांची घरं जातात आणि तुम्ही नकाशा गुपित ठेवता, लाज नाही वाटत? तो माझ्याकडे बघतच राहिला.

“गुपित कसलं, मॅडम? तो काय, तिथे बाहेर भिंतीवर लावला होता. कित्येक आठवडे. हरकती मागवल्या होत्या. पेपरातसुद्धा जाहिरात होती. तुमच्या चाळीतून एक माणूस फिरकला नाही.” मग काकांच्या टेबलाकडे बोट दाखवत म्हणाला, “त्यांनीच तर खिळे मारले होते. मुदत कधीच संपली.”

मी स्वीडनपर्यंत जाऊन आले होते आणि अंधेरीतून इथवर आले नव्हते.

तेवढ्यात काका आले. मला बघून चहा मागवायला लागले. मी चहाला हात लावला नाही. विचारलं, का?

ते खाली बघत म्हणाले, “माझी खोली विकूची होती गो बाय. तुझ्या बापाशीक सांगलंय असतंय तर तो चार जणांक सांगल्याशिवाय ऱ्हवलो असतो? मगे कोणी घेतली असती?”

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या टेबलासमोर कळलं. कायदा असता तरी आमचं काय झालं असतं, कोण जाणे. आम्ही अर्ज घेऊन परत ह्यांच्याकडेच गेलो असतो.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. ते नव्या भिंतीला टेकून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, “ह्यां खय बोला नको.”

मी म्हटलं, बाबा, ज्या दोघांनी खोली घेतली त्यांना तरी कळायला हवं. काकांना जाब तरी विचारू शकतील ते.

संध्याकाळी चाळीतले सगळे दारात जमले. ते नवं जोडपंही होतं. ती मुलगी कडेला उभी होती, हातातला चुडा अजून उतरला नव्हता. तिच्या नवऱ्यानेच विचारलं, “ताई ऑफिसात गेलेल्या ना? काय म्हणाले तिथे?”

मी तोंड उघडलं, पण बाबा माझ्या आधी बोलले.

“तिथे कोण काय सांगत नाय,” ते म्हणाले. “सगळं गुपित असतं.”

काकांवर मी मनसोक्त चिडले, आजही चिडते. बाबांवर चिडावं की त्यांच्यासाठी रडावं, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.