मनीषाचा गोल

संत्रं सोलायला घेतलं की अजूनही मला ब्रह्मपुरीचं ते मैदान आठवतं.

मार्चमधली दुपार होती. आमच्या कॉलेजच्या मुलींचा फुटबॉलचा सामना होता आणि होस्टेलमधली माझी मैत्रीण मनीषा खेळत होती. मध्यंतरात मी मुलींसाठी संत्री सोलत होते, तेव्हा तिचे काका शेजारी येऊन बसले. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते.

"तिचा बाप पहाटे मोहफुलं वेचाले गेला, अजून आला नाई," ते हळूच म्हणाले. "तिकडं वाघ फिरून राह्यला. लोक शोधून राह्यले. मी तिले न्यायले आलो."

"बोलावू का तिले?"

"नको. खेळू दे."

खेळ पुन्हा सुरू झाला. आजूबाजूच्या पोरी ओरडत होत्या, आणि मी मात्र काकांच्या हातातल्या फोनकडे पाहत होते. तो वाजला. त्यांनी नुसतंच ऐकून घेतलं.

"भेटला," ते म्हणाले.

मला हायसं वाटलं. मग मी त्यांचा चेहरा पाहिला.

तेवढ्यात मनीषाने गोल मारला. मैत्रिणींनी तिला उचलून घेतलं. काका मात्र तिला सांगायला जागचे हलले नाहीत, तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. आज वाटतं, तेवढा वेळ ते दुःख त्यांनी एकट्याने धरून ठेवलं होतं.

सामना संपताच ती धावत आली.

"काका, माझा गोल पाह्यला का तुमी?"

"पाह्यला ना, बाई," ते म्हणाले, आणि तिची बॅग त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली.