अख्खी कचेरी गप्प राहिली तो दिवस

मंडळी, आज सकाळी धुळ्यात कुसुमअक्कांना शेवटचा निरोप देऊन आलो. सत्तरच्या दशकात आम्ही सहा जण इथल्याच एका सरकारी कचेरीत होतो. अक्का टायपिस्ट होत्या.

आमच्यातल्या नानांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. ते कामावर परतले, पण डबा एकटेच कोपऱ्यात बसून खायचे.

अक्का आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्या दिवसभर कुणीच बोलायचं नाही. बघू, कुणाकुणाला जमतं!"

दुसऱ्या दिवशी सगळं काम खाणाखुणांनी आणि चिठ्ठ्यांवर चाललं. एक म्हातारे आबा दाखला न्यायला आले. आमचे हातवारे बघून त्यांनी नेमकं नानांनाच विचारलं, "काय भाऊ, आठे बठ्ठा मुकाच शेतस का?" म्हणजे, इथे सगळे मुकेच आहेत का?

नाना इतके हसले, की आवाज नसला तरी खांदे गदगदत होते. दुपारी ते आपणहून डबा घेऊन आमच्यात बसले.

चार महिन्यांनी नाना गेले. सहा जणांत आता मी एकटाच उरलोय. "अक्का, नानांना तुम्हीच आमच्यात परत आणलंत," हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.

तुमचंही कुणाला काही सांगायचं राहिलंय का?